थंडीसाठी ठेवायचा पाव फेरा

प्रिय जोलीन,

बापाचं पत्र आलंय म्हटल्यावर तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. माझा जुना दोस्त लायलही धडधाकट आहे, माझ्याच बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बसून माझीच कॉफी पितो आणि तिलाच नावं ठेवतो. मला हे फोनवर बोलता आलं नसतं. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'जाऊ दे रे पप्पा' म्हणतेस, आणि मी लगेच जाऊ देतो. कागद मध्ये बोलत नाही.

इकडे तळं काठाकाठानं गोठायला लागलंय. चर्चच्या बायकांनी खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पाठवले होते. तुझ्या आईच्या हाताची सर नाही, पण सगळे खाल्ले. तुझा खांदा कसा आहे? घोड्यावरून पडल्याचं दुखणं थंडीत पुन्हा वर येतं म्हणतात. लिंकन शहरातल्या त्या डॉक्टरनं तुला सांगितलं होतं, नेमबाजी कर, पण खांद्याला दणके नकोत. तू उन्हाळ्यात ते हसत हसत सांगत रायफल माझ्या टेबलावर ठेवलीस, आणि मी मनात म्हटलं, डॉक्टरनं हाड बसवलं, आता उरलेलं काम माझं.

ती ऑगस्टमधली दुपार आठव. कुंपणाच्या तारेला हात लावला तर चटका बसत होता. दुकानामागच्या बांधावर आपण दोघं. तू एक गोळी झाडायचीस, मी नळीवरचा तो बारीक स्क्रू जरासा आवळायचो, पुन्हा तू झाडायचीस. मी तुला लहानपणी सांगायचो ना, गोळी पुढे जाते तेव्हा तिच्यामागचा थोडा वायू नळीच्या भोकातून मागे येतो, तोच बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, नवं आत घेतो. वायू गरजेपेक्षा जास्त आला की उरलेला सगळा जोर खांद्यावर. म्हणून स्क्रू आवळून भोक बारीक करत जायचं. आधी तुझी रिकामी काडतुसं टोळासारखी पार लायलच्या खुर्चीपर्यंत उडत होती. मग ती जवळ जवळ पडायला लागली. शेवटी एकाच जागी ढीग. लायल म्हणाला, "डेल्बर्ट, ही रायफल आहे की खुडूक कोंबडी?" तू खांदा चोळून पाहिलास आणि म्हणालीस, "पप्पा, कुणी नुसती थाप मारावी तसं वाटतंय." ऑपरेशननंतर तू इतकी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि मग तू विचारलंस, "थंडीसाठी थोडं सोडलंस ना?" मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "बापाला शिकवतेस? तू दुधाच्या दातांची होतीस तेव्हापासून मी हे करतोय."

शनिवारच्या नेमबाजी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी क्लबच्या जेवणात मी किती बोललो, ते तू समोर बसून ऐकलंसच. राज्याच्या संघातली एकच जागा उरलेली, दुसऱ्या दिवशी तिचा निकाल लागायचा, आणि तुझ्याऐवजी मीच जिंकून आल्यासारखा. कोंबड्यांच्या खुराड्यात दुकान थाटलेला हरुस्काचा पोरगा मी, शाळा अर्धवट सोडलेला, मळणीयंत्रं दुरुस्त करता करता बंदुकांना हात लावणारा, आणि आज तीन जिल्ह्यांतले लोक रायफलचा धक्का मऊ करून घ्यायला माझ्याकडे येतात, हे पालुपद तू जन्मभर ऐकत आलीस. त्या रात्री मी ते मटणाच्या वाटीबरोबर प्रत्येकाला वाढलं. "उद्या माझ्या पोरीच्या मागे उभे राहा आणि तिचा खांदा बघा. हलला तर दुकानाला कुलूप लावीन." तू हळूच म्हणालीस, "पप्पा, बस झालं, रस्सा गार होतोय." पण मी कुठला ऐकतोय.

सकाळी पाण्याच्या बादलीवर बर्फ होता. तू पालथी पडून नेम धरलास, झटपट गोळ्या झाडायची फेरी सुरू झाली, आणि मधेच तुझी रायफल अडली. नियमाप्रमाणे तू तिला हात न लावता हात वर केलास. पंच म्हणून मार्विन वाकून बघायला आला. बंदुकीचा दोष निघाला तर सगळी फेरी पुन्हा, नेमबाजाचा निघाला तर झालं ते झालं. माझ्यामागे कालच्या पंगतीतलेच उभे होते. कुणीतरी खुसखुसलं, "काय रे डेल्बर्ट, कोंबडी अंड्यावर बसली वाटतं!" तू मान वळवून मागे पाहिलंस. मार्विनकडे नाही, माझ्याकडे. मग वर केलेला हात खाली घेतलास, गोळ्यांच्या मॅगझीनला खालून फटका मारलास, बोल्ट मागे ओढलास आणि म्हणालीस, "माझंच चुकलं, मार्विन. मॅगझीन नीट बसवलं नव्हतं." रायफलला हात लावलास, तिथे पुन्हा फेरी मिळण्याचा हक्क संपला. राहिलेल्या गोळ्या तू एकेक करून, हातानं बोल्ट ओढून झाडल्यास. त्या दुखऱ्या खांद्याच्या हातानं. जागा हेस्टिंग्ज गावच्या मुलीला मिळाली.

घरी येताना गाडीत मी तुला मॅगझीन कसं बसवावं यावर व्याख्यान दिलं. 'टक' आवाज येईपर्यंत दाबायचं, मग ओढून बघायचं, लहान पोरांनासुद्धा कळतं. तू खिडकीबाहेर कापलेल्या मक्याची खुंटं बघत होतीस. म्हणालीस, "हो पप्पा. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन." पुढच्या वेळी! डॉक्टर तुला आणखी किती हंगाम देणार आहे, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी लायलचा पुतण्या रायफल घेऊन आला. त्यानं विचारलं, जोलीनच्या रायफलसारखी मऊ कराल का? मी म्हटलं, करतो, पण थंडीसाठी स्क्रू पाव फेरा सैल ठेवावा लागतो, थोडा धक्का राहील, त्याला इलाज नाही. थंडीत बारूद मंद होते, तेल घट्ट होतं, सगळंच जड चालतं. हे मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय. त्याच्याशी बोलता बोलताच मी पाठ वळवून नाक पुसलं. पोराला वाटलं मला सर्दी झालीय. लायलनं मात्र कप खाली ठेवला आणि टेबलावरच्या तुझ्या रायफलकडे पाहिलं.

आता खरं काय ते. तुला वाटत असेल की बापाला काही कळलं नाही, आणि ते तसंच राहावं म्हणून तू अजून गप्प आहेस. जोलीन, मला दुसऱ्याच गोळीला कळलं होतं. एवढ्या रायफली धडाडत होत्या, कानांवर टोपणं होती, पण गाईला आपल्या वासराचं हंबरणं कळतंच. बोल्ट पुरता मागे जात नव्हता, अर्ध्यातनं परततोय तसा तोकडा आवाज. रिकामं काडतूस उडालं नाही, तुझ्या कोपराशी लोळलं. तो पाव फेरा मी ठेवलाच नव्हता, म्हणून थंडीत वायू कमी पडला. गिऱ्हाइकांसाठी ठेवतो, तुझ्यासाठी नाही, कारण लोकांनी तुझा खांदा बघायचा होता ना! तू हात खाली घेतलास तेव्हा तुझ्या आणि मार्विनच्या मध्ये माझं एक वाक्य पुरलं असतं: "थांब, त्या रायफलला मी हात लावलाय." त्याऐवजी मी नुसती मान डोलावली. तू माझं नाव सांभाळलंस आणि मी ते सांभाळू दिलं, वर गाडीत तुलाच शिकवलं. काल मार्विनकडे जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, नेमबाजीच्या रेषेवर नेमबाजानं स्वतः दिलेला शब्द शेवटचा, आता काही फिरत नाही. मग कॅफेतल्या मोठ्या टेबलापाशी उभा राहिलो आणि पंगतीतल्या सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तुला सांगायचं सगळ्यांच्या आधी होतं, सांगतोय सगळ्यांच्या शेवटी, यावरूनच काय ते समज. रायफल टेबलावर आहे. स्क्रूला मी हात लावलेला नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आलीस तर बर्फातच बांधावर जाऊ, स्क्रू तू फिरव, किती सोडायचं ते तू ठरव. मी मागे उभा राहून ऐकेन, आणि ऐकलेलं या वेळी मोठ्यानं सांगेन.

तुझ्यासमोर मान खाली घातलेला, तरी तुझाच,
पप्पा