भिऊन पहिला आलो, त्याची हकीकत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (डावा खांदा गेल्या वर्षी पडल्यापासून नीट वळत नाही, तेव्हा आठातली सात अंगं टेकवली असं समजून घे.) भाऊजींचा दमा कसा आहे? दुकानातलं नवं शिलाई मशीन तरी कुरकुर न करता चालतंय का? आणि तुझी तब्येत? अगदी ठणठणीत आहे असं लगेच म्हणू नकोस, नीट विचार कर. कुठेतरी काहीतरी दुखत असेलच.

मी परवा सायकलची शर्यत जिंकलो हे तुला कळलंच असेल. पेपरात फोटोही आलाय. चाळिशीला टेकलेल्या माणसाने पोरासोरांना मागे टाकलं, काय ते धाडस, काय तो विनय, विजयानंतर हातसुद्धा उंचावले नाहीत, असं बरंच काही छापलंय. ते कात्रण तू दुकानात लावलं असशील तर कृपा करून हे पत्र वाचून होईपर्यंत तरी काढून ठेव.

आमचं काम तुला माहीत आहे. दिवसभर घोळक्याच्या शेपटाला वारा चुकवत बसायचं आणि अगदी शेवटी जिवाच्या आकांताने सुटायचं. माझ्यापुढे आमच्या संघातला एक धिप्पाड गडी असतो, त्याला आम्ही भिंत म्हणतो. तो वारा अंगावर घेतो, मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहतो, आणि शेवटची रेषा दिसली की तो बाजूला होतो, मी निघतो. इतकी वर्षं हेच केलं. जिंकलो, हरलो, पण भीती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी खांदा मोडला, तेव्हा हाड जोडताना डॉक्टरांनी आत भलतंच काहीतरी शिवून टाकलं बहुतेक. आता शेजारच्याचं कोपर नुसतं घासलं तरी मी पॅडल मारायचंच सोडून देतो. संघाच्या जेवणात हे बोलायची सोय नाही. तिथे आम्ही फक्त टायरमधल्या हवेबद्दल बोलतो.

तर परवाचं शेवटचं वळण. तिथल्या बेकरीवाल्याने नेमका दुकानासमोरचा रस्ता धुऊन ठेवला होता (स्वच्छतेची हौस, दुसरं काय!), तो नुसता चकाकत होता. वळताना माझ्या अगदी कानाशी कुणाचा तरी ब्रेक किंचाळला. मी म्हटलं, संपलं, आले सगळे अंगावर. ताई, त्या क्षणी जिंकायचा विचार मनाला शिवला असेल तर शपथ. एवढंच सुचलं की पडलेल्यांवर मागचे आदळतात, पुढच्यांना काही होत नाही, म्हणजे सगळ्यांच्या पुढे गेलो की वाचलो. भिंतीच्या आडून मी भलत्याच लवकर बाहेर पडलो. इतक्या लवकर निघण्याचा गाढवपणा नवखी पोरंही करत नाहीत, कारण मग सगळा वारा एकट्याने खायचा आणि रेषेच्या अलीकडेच पायातलं बळ सरतं. मागच्यांना ते खरंच वाटेना. इतका मुरलेला माणूस असं करेल कशाला? म्हातारा हुलकावणी देतोय, आपण धावलो की गुपचूप आपल्या मागे येऊन बसेल, असं समजून हा त्याच्याकडे बघतोय, तो याच्याकडे बघतोय, आणि मी आपला जीव मुठीत धरून पळतोय.

रेषा ओलांडल्यावर हात उंचावले नाहीत, कारण हँडल सुटेना. थांबलोही नाही. थेट संघाच्या बसपर्यंत गेलो, तिथून मला बक्षीस घ्यायला धरून आणावं लागलं. हाच तो विनय. संध्याकाळी आमचा मेकॅनिक माझी सायकल पुसता पुसता हळूच म्हणाला, "आजोबा (संघात मला हेच म्हणतात), वळणावर किंचाळला तो तुमचाच ब्रेक. रबर बघा, पार गेलंय." म्हणजे मी माझ्याच ब्रेकला भिऊन पळालो होतो.

इथवर हसली असशील तर हसून घे. मॅनेजर इतका खूश झालाय की रविवारच्या मोठ्या शर्यतीत सगळा संघ माझ्यासाठी राबणार आहे. तिचा शेवट उतारावर आहे, दगडी रस्ता, आणि गेल्या वर्षी मी पडलो तेच वळण. भिंत तर भारावून गेलाय. धाडस कसं असतं ते आजोबांकडून शिकलो, रविवारी त्यांच्यासाठी वाऱ्यात फुटेपर्यंत ओढीन, असं तो जो भेटेल त्याला सांगतोय. त्याच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवत नाही. ताई, मला भीती वाटते. ताटावर चमचा वाजला तरी बोटं ब्रेक शोधतात. पडण्याची भीती वाटते, आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा कोणी बोलावणार नाही, याची त्याहून जास्त वाटते.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
(पेपरातला) शूर भाऊ

ता. क. – रविवारी सकाळी मॅनेजरला फोन कर आणि सांग, मी फार आजारी आहे, भावाला ताबडतोब पाठवा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. तुझा आवाज फार खणखणीत आहे, जरा कण्हून बोल.

ता. क. २ – भिंत आत्ताच डोकावून गेला. पत्र कोणाला, म्हणून विचारलं. बहिणीला, म्हटलं. माझाही नमस्कार लिहा, म्हणाला. लिहिला.

ता. क. ३ – शर्यत दहाला सुटते, आणि एकदा सुटली की मॅनेजर कोणाचाच फोन घेत नाही. तू दहानंतर कर.