कच्च्या वहीतली घरं

अण्णा,

गेल्या मंगळवारी दादाचं पार्सल आलं. अर्धा किलो मेतकूट, कारळ्याची चटणी, वातींचं पुडकं, आणि सगळ्यांत खाली लाल फडक्यात बांधलेली घरांच्या नोंदीची तुमची कच्ची वही. पाठवायला दादाला साडेचार हजार पडले, वर इथल्या त्सोलवाल्यांनी, म्हणजे कस्टमवाल्यांनी, जकातीचे अकरा युरो घेतले. तेवढ्यात माझी पंधरवड्याची डाळ झाली असती.

वहीत दादाची चिठ्ठी होती. "ही तिकडेच राहू दे. रुळांपलीकडच्या वस्तीची नातवंडं अर्ज घेऊन नगरपालिकेत फिरतायत. मार्केट यार्डाच्या आधी आम्ही तिथे राहत होतो हे दाखवा, नाहीतर आत्ताच्या जागेवरूनही उठा, असं त्यांना सांगितलंय. पक्क्या वहीत त्यांची नावं नाहीत. फक्त हिच्यात आहेत. अण्णांच्या नावाला बट्टा नको. जर्मनीत कोण बघायला येतंय?" धोका मला नीट कळावा म्हणून त्या अर्जाची प्रतही त्याने सोबत घातली होती.

आपलं गाव काही फार जुनं नव्हे. उघड्या गवताच्या माळावर गाडी थांबायला लागली, मग कापसाचं जिनिंग आलं, मग दुकानं, मग नगरपालिका, आणि नगरपालिका आली तशी भांडणं, असं तुम्हीच सांगायचात. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी नवे अध्यक्ष मार्केट यार्डाचं आश्वासन देऊन निवडून आले होते. त्याच महिन्यात तुम्ही नगरपालिकेच्या कचेरीतून ही नोंदीची वही घरी आणलीत. जीर्ण झालीय, म्हणालात, पक्की नक्कल करू, तुझं अक्षर चांगलं आहे. स्वयंपाकघरात पाट टाकून बसलोय आपण. तुम्ही घर सांगताय, कर्त्याचं नाव, बायकोचं नाव, माणसं किती, मी लिहितेय. रुळांपलीकडची ओळ आली आणि तुम्ही पान उलटलंत.

"अण्णा, दोन पानं एकदम गेली. चिकटलीत वाटतं."

"चिकटली नाहीत. तू लिही."

कढीतला आईचा डाव थांबला. मग पुन्हा फिरू लागला. मीही पुढचं घर लिहिलं. नंतर तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलंत, आणि दिवाळीच्या आत ती वस्ती उठली. कागदावर ती नव्हतीच, मग उठवलं कुणाला?

परवा रविवारी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला आणि नातीला गावाबाहेर नेलं. मुलगा हॅनोव्हरला नोकरीला म्हणून आम्ही या सपाट मुलखात राहतो. क्षितिजापर्यंत अडथळा म्हणून नाही. बाईंच्या आईचं खेडं तिथे होतं. लष्कराला सरावाला जागा हवी होती म्हणून लोक उठवले, घरं पाडली. आता नुसतं गवत आहे. पण गवतात पांढरी फुलं उगवलेली, अण्णा, चौकोनात. नीट घरांच्या मापाचे चौकोन, मध्ये गल्लीएवढी वाट. कुणीतरी भिंतीलगत कंद लावले होते, ते दरवर्षी वर येतात.

मी सरळ चालत गेले तर बाई ओरडल्या. नात मला सांगायला लागली, अर्धं जर्मनमध्ये, अर्धं हातांनी: "आजी, नाइन, असं नाही! ती म्हणते तू भिंतीतून चाललीस. दारातून यायचं."

बाई एका चौकोनापाशी थांबल्या, बूट पुसले, हवेत टकटक केली. आईने शिकवलेलं घराण्याचं नाव घेतलं, जरा थांबल्या आणि आत गेल्या. पुढच्या घरी तेच. एकेक नाव त्याच संथ सुरात, जसं तुम्ही मला सांगायचात. माझी बोटं पदराखाली लिहायला लागली होती. चौथ्या चौकोनापाशी त्यांनी टकटक केली, कान दिला आणि मागे सरल्या. नातीने विचारलं, का नाही जायचं?

"आज नको म्हणतायत."

मी हसायला गेले, पण तेवढ्यात चौकोनातला वारा पडला. बाहेरचं गवत हलत होतं, चौकोनातलं स्थिर होतं. नातीने माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि तुमची वही घेऊन बसले. ती दोन पानं उघडण्याआधी मी पुठ्ठ्यावर टकटक केली. माझ्याही नकळत. आणि थांबले, कुणी नको म्हणतंय का ते ऐकायला.

कुणी म्हणालं नाही.

आज सकाळी वही पोस्टात देऊन आले. दादाकडे नाही, अर्जावरच्या पत्त्यावर. सोबत एक कागद लिहून सही केली, की पक्की वही माझ्या हातची आहे आणि तिच्यात या वहीतली दोन पानं मी जाणून गाळली. खाली गाळलेली नावं नव्याने उतरवली. तुमचं नाव घातलं नाही. कुणी विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही. दादा आता माझ्याशी बोलेल असं वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून पोथीत ठेवतेय. पण एक अडलंय. त्या ओळीतल्या तिसऱ्या घरच्या बाईच्या नावाला वाळवी लागली आहे, नुसतं 'बाई' उरलंय. कागदावर मी तिथे रेघ ओढली. ओढायला नको होती, कारण परीक्षेच्या दिवसांत शाळेतून येताना मी तिच्याकडे पाणी प्यायचे. रोज. तुम्हाला कळू नये म्हणून घरी आल्यावर तहानलेलं तोंड करून आणखी एक पेला प्यायचे. तिला मी कधी नाव विचारलं नाही. तुम्ही ते लिहिलं होतंत. तेवढं उलट टपाली कळवा.