माझ्या मापाचा दांडा

आई,

तू जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलायची सवय मला अजून लागलेली नाही. धाकटी बोलते. ती तुझ्या हातच्या भाकरीपासून सुरू करते आणि डोळे पुसत थांबते. मला तू आठवतेस ती सिडकोतल्या घराच्या मागच्या ओट्यावर. हातात कोयता, पुढ्यात बांबू, आणि मला म्हणतेयस, "भिंतीला टेक. हात वर कर. आसा नाय, सरळ." मी अकरा वर्षांची आहे. मला वाटतं तू फ्रॉकचं माप घेतेयस. तू माझ्या बोटांच्या टोकापासून वर छपरापर्यंत नजर नेतेस, बांबूवर कोळशानं खूण करतेस आणि तिथं दांडा तोडतेस. धाकटीचा दांडा वीतभर लांब, कारण ती बुटकी. भाऊ तिथंच पायरीवर बसून पेरू खात होता. त्याचं माप तू घेतलं नाहीस.

तुझं डोकं चालायचं, हे मी नाकारत नाही. जालना रोडच्या बाजूनं दिवसभर धूळ यायची, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. बाकीच्या बायका फडकं झटकून मोकळ्या व्हायच्या. तू नाही. पंख्यासाठी तू त्या दांड्यांच्या टोकाला दोन चपट्या कामट्या चिमट्यासारख्या बांधल्यास, त्यांना जुन्या गोधडीचं कापड शिवलंस, खालून दोरी ओढली की चिमटा पातं दोन्ही बाजूंनी धरायचा. त्याच्या खाली परकराच्या कापडाची पिशवी टांगलीस, म्हणजे धूळ गादीवर न पडता पिशवीत पडावी. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीसाठी तीन बोटांचा लाकडी पंजा केलास, प्रत्येक बोटाला मोजा घातलेला. कपाटामागं घालायला फूटपट्टी आणि तिच्यावर नायलॉनचं कापड, जे आधी खसाखसा घासलं की धूळ आपोआप ओढून घ्यायचं. हे सगळं तू आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढायचीस, पेन्सिलीनं, मापं टाकून. पाचोडला आजोबा सुतारकाम करायचे आणि त्यांनी तुला कधी रंध्याला हात लावू दिला नाही, हे तू मामाला सांगताना मी ऐकलं आहे. त्याची खंत तुला जन्मभर होती. मग तू आम्हा दोघींच्या हातात काय दिलंस ते आठव.

शेजारच्या काकूंचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांच्यासाठी तू वाकडा दांडा बसवलेला झाडू केलास. त्यांना आपल्या ओट्यावर बसवून, त्यांचा हात हातात घेऊन विचारत होतीस, "इथं दुखतंय का? मग जरा खाली घेऊ." काकू म्हणाल्या, "लई गुणाची गं तू." तू हसलीस. मी दारात पिशवी झटकत उभी होते. मला तू कधी विचारलं नव्हतंस.

दर रविवारी चार पंखे, सहा खिडक्या. झाल्यावर तू स्टुलावर चढायचीस, पात्यावरून बोट फिरवायचीस, आणि बोटाला काही लागलं तर खाली उतरून ते माझ्या गालाला पुसायचीस. धाकटीच्या गालाला नाही, कारण ती रडायची. मी रडत नव्हते, म्हणून माझ्या. शाळेत एकदा बाईंनी विचारलं, गालावर काय लागलंय. मी म्हणाले, काजळ.

आता त्या दिवसाचं सांगते, कारण तू असताना तो विषय मी काढला की तू उठून स्वयंपाकघरात जायचीस.

दहावीला मला चांगले मार्क पडले होते. तंत्रनिकेतनाच्या यादीत नाव आलं. मला मेकॅनिकलला जायचं होतं. तुझ्या त्या कॅलेंडरांवरच्या आकृत्या पाहूनच मला ड्रॉइंगची गोडी लागली होती, हे तुला मी सांगितलं नाही आणि आज सांगायलाही जीभ जड होते. सकाळी अकराच्या आत पालकांना घेऊन हजर राहायचं होतं. बाबा चिकलठाण्याला पहिल्या पाळीला गेले, जाताना तुला दोनदा बजावून. मी आठ वाजता वेणी घालून, कागदांची पिशवी घेऊन तयार. तू म्हणालीस, "उद्या पैठणची, तुझ्या बाबाकडची माणसं यायलीत. आधी पंखे. मग जाऊ."

"आई, यादीत नाव आहे माझं. आल्यावर करते सगळं."

"नाव कुठं पळून चाललंय?"

मी तीन पंखे केले. घाईत केले, हे खरं. तू स्टुलावर चढलीस. पहिल्याच पात्याला तुझं बोट थांबलं, आणि तू शांतपणे म्हणालीस, "परत." मी घड्याळाकडे बघतेय, साडेदहा होतायत. मी दोरी ओढते, चिमटा लागतो, निसटतो, परत लागतो. माझा हात भरून आलाय. चौथा पंखा झाल्यावर तू खिडक्या दाखवल्यास. तेव्हा मला कळलं की हे धुळीचं नाही.

आपण तिथं पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. खिडकीमागचे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी रजिस्टर उलटं करून मला दाखवलं. "तुझं नाव पुकारलं होतं बाळा, दोनदा. मग खालच्या मुलाला जागा दिली." परत येताना रिक्षात तू पदरानं वारा घेत म्हणालीस, "बरं झालं. तिथं दिवसभर लोखंड घासत बसली असती." बाबांना तू काय सांगितलंस मला माहीत नाही. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि पुढं कधी त्यांनी तो विषयही काढला नाही. दोन वर्षांनी भावाचा तिथंच नंबर लागला तेव्हा तू त्याच्यासोबत सकाळी आठलाच फाटकाशी जाऊन बसली होतीस, डबा घेऊन. पैठणची माणसं त्याही आठवड्यात आली होती. पंख्यांवर धूळ तशीच होती.

मी बी. ए. केलं, लग्न झालं, आणि आता एका खाजगी दवाखान्यात साफसफाईची सुपरवायझर आहे. हसू नकोस. माझ्या हाताखाली तीस बायका आहेत. वॉर्डात पंखा पुसताना पेशंटच्या अंगावर धूळ पडून चालत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या ब्रशनं ती पडतेच. तू गेल्यावर वहिनीनं तुझी पैठणी घेतली, धाकटीनं पितळेचे डबे घेतले, आणि मी कॅलेंडरांची गुंडाळी उचलली. धाकटी म्हणाली, "ते कशाला गं?" मी म्हणाले, फळ्यांवर अंथरायला. घरी आणून मी एक चिमटा करून घेतला. फक्त दांडा बदलला. आत-बाहेर सरकणारा नळीचा केला, कोणत्याही बाईला पुरेल असा, म्हणजे कुणाला भिंतीला उभं करून माप घ्यायला नको.

मागच्या महिन्यात वाळूजच्या एका प्लास्टिकच्या कारखान्याचे मालक दवाखान्यात अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या वडिलांना भेटायला आले होते. त्यांनी आमच्या एका बाईला पंखा पुसताना पाहिलं आणि मला शोधत आले. "मॅडम, हे कुणाचं डोकं?" मी म्हणाले, माझं. "शिकलात कुठं?" कुठंच नाही, म्हणाले. त्यांना ते बाजारात आणायचंय. त्याआधी डिझाइनची नोंदणी करावी लागते म्हणून परवा ते फॉर्म घेऊन आले. तयार करणाऱ्याचं नाव, आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ, दुसरं कुणी असेल तर. ते म्हणाले, "घाई नाही, घरी विचारून भरा."

मी त्यांच्यासमोरच भरला. दांडा माझा आहे, पण चिमटा तुझा, पिशवी तुझी, गोधडीचं कापड लावायची अक्कलसुद्धा तुझी. पहिल्या ओळीवर मी माझं नाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली. हे धाकटीला सांगणार नाही, आणि हे पत्रही माझ्याजवळच राहील. कुणी तुझ्या नावाचं विचारलं तर म्हणेन, घाईत सुचलं नाही. पण रेघ मारताना तुझं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, मला नीट आठवत होतं.