व्याज वजा जाता

४ मार्च २००६, ट्रॉय
घर पसंत. लग्न झाल्यापासून सलीम माझ्या पसंतीला पहिल्यांदाच लगेच हो म्हणाला. लोन मात्र त्याला इस्लामिकच हवं, बिनव्याजी, कारण व्याज घेणं-देणं हराम. म्हणजे कंपनी आपल्यासोबत घर घेणार, आपण तिच्या वाट्याचं भाडं भरत वाटा सोडवत जायचा. महिन्याला जरा जास्तच पडतं.

माझी मैत्रीण वैशाली फोनवर म्हणाली, "अगं, नाव बदललं तरी हप्ता तो हप्ताच ना?" मलाही तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

८ मार्च
त्या कंपनीत जाऊन आलो. तिथल्या माणसाने आमचं आडनाव न अडखळता घेतलं. चहा विचारला. मागच्या आठवड्यात साध्या अमेरिकन बँकेतला ऑफिसर सलीमच्या नावाकडे जरा जास्तच वेळ बघत होता. कदाचित मलाच तसं वाटलं असेल.
परतताना सलीम म्हणाला, "आपली मुलगी, झोया, या घरात नमाज शिकेल, यार. मनात खुटखुट नको." इथे मी विरघळले.

१२ मार्च
मिरजेहून माझ्या अब्बांचा फोन. डाउन पेमेंटसाठी एफडी मोडून पाठवतात म्हणे. मला भरूनच आलं. सलीमचा चेहरा मात्र पडला. "मुद्दल चालेल, व्याज नको. तू नीट सांग ना."
नीट म्हणजे कसं? अब्बांचा अख्खा जन्म बँकेच्या नोकरीत गेला.

१७ मार्च
सांगितलं. हसत हसत, किराण्यातली एखादी वस्तू नको म्हणावी तसं. फार वाईट सांगितलं.
अब्बा एकदम मराठीत बोलायला लागले. घरात आम्ही हिंदी बोलतो. त्यांचं मराठी बँकेतलं, दुखावले की बाहेर येतं. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." फोन ठेवला.
मी रडले. सलीमही जेवला नाही. "त्यांच्या कमाईला नावं ठेवली असं वाटलं असेल त्यांना." वाटलंच असेल.

२४ मार्च
अब्बांचा फोन. मी स्पीकरवर टाकला, सलीम समोरच होता. आवाज शांत, पण अजून मराठीच.
"व्याज वजा जाता मुद्दल पाठवलं आहे. पोचल्यावर कळवावे." मग म्हणाले, "तुझी इंजिनिअरिंगची फी मात्र माझ्या पगारातून भरली होती. तो पगार लोकांच्या व्याजातूनच यायचा. ती वजा कशी करायची, जावईबापूंना विचारून सांग."
टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.
"सांगते, अब्बा," एवढंच म्हणाले मी.
सोमवारी घराच्या कागदांवर सह्या. सलीमला मी अजून विचारलेलं नाही. तोही आपणहून काही बोललेला नाही.