पाच वाजताचा नळ

तुमसर, शनिवार संध्याकाळ

आज बायांची प्रार्थनासभा माझ्या घरी होती. नागपूरच्या चर्चमधून मॅडम आली शिकवाले. विषय काय, तर विश्वासू गृहिणीचं वेळापत्रक! छापील कागद वाटला तिनं. पहाटे पाच ते सहा फक्त प्रार्थना, घरच्या कामाले हात लावायचा नाही. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे नळ पाचले येते अन् साडेपाचले जाते." तर साऱ्यांसमोर मलेच म्हणते, "पहिले देव, मग घागर. तुमचा विश्वास कमी पडून राहिला, बाई." साऱ्या हसल्या. पास्टरीणबाई पण हसली, जिच्या अंगणात बोअर आहे!

वीस वर्षं झाली, घागरी भरता भरताच प्रार्थना करून राहिली मी. देवाले नळाची वेळ मालूम आहे, या बाईलेच नाही. मोठी आली विश्वास मोजणारी! पण मी तेव्हा गप काहून बसली? पाहुणी म्हणून? का खरंच भेली?

जेवण झाल्यावर मॅडमनं हात पुढे केले, "जरा पाणी घाला न." घातलं. अख्खा तांब्या लागला तिले. वरून दोन पेले प्याली.

पाणी किती वाजता भरलं, ते मात्र विचारलं नाही तिनं.