मावशीकडची मिठू

११ जानेवारी, रविवार दुपार

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुम्ही दोघी ठीक असाल. तुझ्या भाऊजींचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडून ते बाकी सगळं करतात. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा बदलला. पेपर तपासून तपासून माझी मान धरली आहे.

परवा तू फोनवर विचारलंस, मिठूला वर्षभर तुझ्याकडेच ठेवून तिथल्या शाळेत घालायचं का. तिनेच विचारायला लावलं म्हणालीस. मी "कळवते" म्हणाले. कळवायलाच बसले आहे, पण आधी मला थोडं भांडू दे.

तेरा वर्षं मी तिला वाढवलं. अभ्यास, झोप, मैत्रिणी, मोबाइल, कुठल्या विषयात कुठे मार्क गेले, सगळ्यावर माझी नजर. आणि ती स्वतःचे केस उपटते, हे कळलं कुणाला? दिवाळीच्या सुट्टीला तुझ्याकडे आली आणि तिथेच राहिली, त्या पहिल्याच आठवड्यात तुला. "ताई, हिच्या कानामागे केसच नाहीत गं," तू हळू आवाजात म्हणालीस. मला आधी काळजी वाटायला हवी होती. आधी राग आला, की तुलाच कसं दिसलं. लहानपणी बडबडीमुळे जिचं नाव मिठू पडलं, ती माझ्याशी 'हो' आणि 'नाही'च्या पलीकडे बोलत नाही आणि तुझ्या फ्रेमच्या दुकानात म्हणे तिचं तोंड बंद होत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

समुपदेशकांकडे गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ती रडली की तुम्ही काय करता?"

"समजावते," मी म्हटलं.

"आणि मावशी?"

तू बोलायच्या आत मिठूच म्हणाली, "मावशी शेजारी बसून फ्रेम घासते."

हे काय उत्तर झालं? पण समुपदेशकांनी अशी मान हलवली, जणू वर्गात कुणी अवघड प्रश्न सोडवला. आणि तू आपली नखांतलं लाकडाचं पॉलिश खरवडत बसलेली.

त्यात मध्यंतरी फोनवर बोलता बोलता मिठू मला "मावशी" म्हणाली. मग घाईने विषय बदलला. मीही ऐकू आलं नाही असं दाखवलं. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण ज्याने कुणी केली, त्याला गाठून दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

तुला सांगितलं नाही, पण मागच्या महिन्यात एका शनिवारी मी तिकडे आले होते. न कळवता. वाटलं, ती मोबाइल घेऊन लोळत असेल, तू लाड करत असशील, रंगेहाथ पकडावं. समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. ती लाकडी पट्टीवर पॉलिश पेपर फिरवत होती. समोर गिऱ्हाईक उभं, आणि हिच्या डोक्यावर स्कार्फ नाही. हातवारे करून तुला काहीतरी सांगत होती, आणि तू मान वर न करता नुसतं 'हं' म्हणत होतीस. माझ्यासमोर ती अजून स्कार्फ सोडत नाही, बारके. मी रस्ता ओलांडला नाही. परतीची बस धरली.

आणि या बुधवारी तुझा फोन आला. मिठूचं पुन्हा बिनसलं, संध्याकाळभर रडली, केसही उपटले. तू घाबरली होतीस. मी तुला धीर दिला, असं होणारच म्हणाले. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. चक्क बरं वाटलं. तुझ्याकडेही रडते, म्हणजे दोष माझ्या एकटीचा नाही. ओट्याला टेकून मी उभी होते, आणि माझी लेक रडली म्हणून मला हलकं वाटत होतं.

हे यांना सांगितलेलं नाही. समुपदेशकांना सांगणार आहे. तुला सांगते, कारण त्यावरूनच माझं ठरलं. जिला लेकीच्या रडण्याने बरं वाटलं, तिच्यापासून लेक काही दिवस लांब असलेली बरी. राहू दे तिला. शाळेचा दाखला मी काढते.

माझी जळजळ गेली असं मात्र समजू नकोस. तिचे फार लाड करू नकोस, असं लिहिणार होते. पण तू लाड करतच नाहीस, हीच तर पंचाईत आहे.

पुढच्या शनिवारी दाखला घेऊन येते. या वेळी दुकानात येईन. मी आलेलं चालेल का, हे मिठूला आधी विचार. तिला नको असेल तर तसं स्पष्ट कळव, मी दाखला पोस्टाने पाठवेन आणि का म्हणून विचारणार नाही. विचारलंच, तर तू खुशाल फोन ठेवून दे.

तिला सांग, आई म्हणाली की... नको, असू दे. काही सांगू नकोस. तू आपली शेजारी बस.

तिच्या मावशीची सख्खी बहीण,
ताई