बिल्ल्यामागचं काळं कापड

प्रिय जोएल,

पाकिटामागचं नाव वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जवळजवळ चाळीस वर्षांत नाताळचं साधं कार्ड नाही, आणि आता एकदम पत्र! पण चहा ठेव आणि शेवटपर्यंत वाच. गाव आहे तसंच आहे. किल्ल्याच्या दरवाजावरच्या दोन खोल्यांत आपल्या पलटणीचं संग्रहालय आहे ना, तिथे मी मंगळवारी आणि शनिवारी तिकिटं फाडते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पबच्या पाट्या रंगवणारा माणूस, सिंह, हंस आणि मुकुट रंगवण्यात जन्म गेला; पण एक चित्र त्यांनी कुणी न सांगता काढलं होतं. इटलीतल्या रस्त्याकडेला बसून चहा पिणारे सहा सैनिक, पाटीच्याच फळीवर. ते आयुष्यभर माळ्यावर पडून होतं.

इटलीतल्या त्या लढाईला यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून प्रदर्शन ठरलं आणि मी ते चित्र घेऊन गेले. संग्रहालय सांभाळणारे कर्नल ॲपलबी निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, मिशा मात्र अजून नोकरीत आहेत. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, चहा झकास काढलाय तुझ्या बापानं, पण हा कडेचा गडी बघ. टोपीच्या बिल्ल्यामागे काळं कापड कुठंय?" तुला आठवत असेल, आपल्या पलटणीत प्रत्येक बिल्ल्यामागे काळा तुकडा शिवतात, दोनशे वर्षांपूर्वी पडलेल्या सेनापतीचं सुतक अजून फिटलेलं नाही. "ही चूक भिंतीवर टांगली तर म्हातारे शिपाई मला फाडून खातील. दुरुस्त कर, नाहीतर परत ने." मला बाबांची लाज वाटली, खरं तेच सांगते. घरी आले, बाबांचाच बारीक ब्रश घेतला आणि काळा ठिपका देऊन टाकला. पाच मिनिटांचं काम.

मग टांगायची तार बदलावी म्हणून फळी उलटी केली, तर मागे डकवलेला खाकी कागद सुटून आला. खाली बाबांचं ते पाटीवरचं ठसठशीत अक्षर. सहा नावं होती. पाच पलटणीतली, त्यांत बाबांचं स्वतःचं. सहावं एनोक लिंडली. तुझे बाबा, जोएल! आणि त्यापुढे लिहिलं होतं, "यानं बंदूक उचलली नाही. मला उचललं. नदीतून, दोन मैल."

मी माणूस मारणार नाही असं सांगून ज्यानं बंदूक नाकारली, ज्याला सगळं गाव भित्रा म्हणालं, तो माणूस स्ट्रेचर घेऊन गोळ्यांतून फिरत होता. तो वैद्यकीय पथकातला, पलटणीचा नव्हताच, मग पलटणीचं कापड त्याच्या टोपीला कसं असेल? चित्र पुन्हा पाहिलं. पाच जणांच्या बंदुका गुडघ्याशी, आणि तुझ्या बाबांचे दोन्ही हात कपाभोवती. बाबांनी बरोबर काढलं होतं, चूक मी केली होती. पाद्र्यापुढेही टोपी न काढणारे माझे बाबा तुझे बाबा दिसले की ती का काढायचे, ते आत्ता कळलं. आई करवादायची, "त्याला कसला एवढा मान?" बाबा गप्प. त्यांनी गावासमोर तोंड उघडायला हवं होतं. त्याबद्दल मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे.

टर्पेंटाइननं ठिपका पुसला आणि फळी तशीच उलटी कर्नलांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं. "संग्रहालय पलटणीचं आहे, पोरी, आणि हा गडी..." मी म्हटलं, "मग त्यानं उचलून आणलेलाही तुम्हाला नको. दोघांना घरी नेते." त्यांनी फळी सुलटी करून चित्र पुन्हा भिंगाखाली धरलं. मग म्हणाले, "बापासारखीच अडेलतट्टू आहेस. टांग." दुसऱ्या दिवशी सहाही नावांची चिठ्ठी त्यांनी स्वतः टाइप करून आणली. रविवारी प्रदर्शन उघडलं तेव्हा बेकरीवाली म्हातारी चष्मा पुसत चित्राला नाक लावून उभी होती. "लिंडली? आपला लिंडली?" मी म्हटलं, "हो, आपला."

आता लिहिण्याचं खरं कारण. आपण नऊ वर्षांचे असताना तुझ्या दप्तरात कोंबडीचं पांढरं पीस निघालं होतं, भित्र्याला देतात तसलं. सगळा वर्ग हसला. तू कुणाचं नाव विचारलं नाहीस, पीस वहीत ठेवलंस आणि गणित सोडवत बसलास. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गाव सोडलं. ते पीस मी ठेवलं होतं, जोएल. मला क्षमा कर. तुझे बाबा अजून आहेत, तुझ्याकडेच असतात, हे टपाल कचेरीतल्या मार्थाकडून कळलं आणि राहवेना. त्यांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. पिसाचं गाळू नकोस. त्यांना सांग, वॉल्टरची मुलगी मनापासून तुमचे आभार मानते. ते त्या दिवशी नदीत उतरले नसते तर मी जन्मलेच नसते, आणि मग त्यांच्या मुलाच्या दप्तरात पीस घालायलाही कुणी उरलं नसतं. यावर ते हसतील असं मला वाटतं. हसले तर कळव. मी पहिल्या गाडीनं निघते.

तुझी,
वॉल्टर पाटीवाल्याची हेस्टर